मूत्रपिंडाच्या पेशींतला ऑक्सिडेटिव्ह ताण आणि कॅल्शियमचे संकेत: नागपुरात हा प्रयोग कसा उभा करावा

पेशींना ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपांचा मारा, देण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले, कॅल्शियम वाढले, आलेखाची रेघ वर गेली. एम.एस्सी.च्या प्रकल्पात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात इथवर पोचायला फार वेळ लागत नाही. गाडी अडते ती परीक्षकाच्या पुढच्या प्रश्नाला. हे कॅल्शियम आले कुठून? बाहेरच्या द्रावणातून, पेशीच्या आतल्या साठ्यातून, की पेशी मरणाला टेकली म्हणून फाटलेल्या पटलातून? आणि टाकलेले पेरॉक्साइड पेशीपर्यंत पोचले हे कशावरून? प्रयोगाची प्रत्येक पायरी या प्रश्नांची उत्तरे देईल अशीच रचायला हवी, आणि ती कशी रचायची ते इथे सांगतो. लिहिताना डोळ्यांसमोर नागपूर आहे. कार्यपद्धतीत ‘रूम टेम्परेचर’ लिहिलेले असते तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात २२ ते २५ अंश असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि एसी बंद असलेल्या खोलीत त्याचा परिणाम थेट तुमच्या आकड्यांवर होतो.

आधी पेशीत काय घडते ते

शांत पेशीच्या आतल्या द्रवात मुक्त कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असते. बाहेर, रक्तात, ते १.२ मिलिमोलरच्या आसपास. म्हणजे दहा हजार पटींचा उतार. हा उतार टिकवायला पेशी सतत ऊर्जा खर्च करते: पेशीपटलावरचे पंप कॅल्शियम बाहेर फेकतात आणि सर्का नावाचा पंप ते ईआरमध्ये, म्हणजे एंडोप्लाज्मिक रेटिक्युलमच्या साठ्यात, भरत राहतो. संदेश आला की आयपी३ रिसेप्टर उघडतो, साठ्यातले कॅल्शियम बाहेर येते. साठा रिकामा झाल्याची खबर स्टिम१ हे प्रथिन घेते आणि पेशीपटलावरचा ओराय१ हा मार्ग उघडून बाहेरचे कॅल्शियम आत घेते.

यातली बहुतेक प्रथिने ऑक्सिडीकरणाला हळवी आहेत, कारण त्यांच्यात मोक्याच्या जागी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे आणि सिस्टीनचा गंधक पेरॉक्साइडशी अभिक्रिया करतो. सर्का पंपातल्या ६७४ क्रमांकाच्या सिस्टीनचेच उदाहरण घ्या. तिथे ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीतलाच ऑक्सिडीकरणाला आवर घालणारा छोटा रेणू, जोडले गेले तर पंपाचा वेग वाढतो. ऑक्सिडीकरण आणखी पुढे जाऊन सल्फोनिक अवस्थेला पोचले तर पंप कायमचा निकामी होतो. स्टिम१ वरच्या ५६ व्या सिस्टीनला ग्लुटाथायोन जोडले की साठा भरलेला असतानाही स्टिम१ जागे होते, तर ओराय१ मधला १९५ वा सिस्टीन ऑक्सिडाइझ झाला की तो मार्ग आवळला जातो. एकच ताण एका टोकाला दार उघडतो आणि दुसऱ्या टोकाला बंद करतो. म्हणून ‘ऑक्सिडेटिव्ह ताणाने कॅल्शियम वाढते’ हे वाक्य प्रबंधात तसेच्या तसे लिहू नका. किती ताण, किती वेळ आणि कोणत्या पेशीत, हे सोबत नसेल तर त्या वाक्याला अर्थ उरत नाही.

शिवाय टीआरपीएम२ हा पेशीपटलावरचा, कॅल्शियम आत घेणारा आणखी एक मार्ग आहे. पेरॉक्साइडने डीएनएला इजा होते, दुरुस्तीच्या धडपडीत एडीपी-रायबोज तयार होते आणि ते या मार्गाला उघडते. तो काही मिनिटांनी, हळूहळू उघडतो. आलेखावर दहाव्या मिनिटानंतर चढणारी रेघ दिसली की आधी याचा विचार करावा.

मूत्रपिंडच का? शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतका हा अवयव हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा घेतो. निकटवर्ती नलिकेच्या, म्हणजे गाळलेला द्रव पहिल्यांदा जिथे येतो त्या नलिकेच्या, पेशी मायटोकॉन्ड्रियाने गच्च भरलेल्या असतात आणि मेद जाळून ऊर्जा मिळवतात, त्यामुळे ऑक्सिजनचा पुरवठा तुटला की पहिली झळ त्यांना बसते. विदर्भाच्या उन्हात दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या शरीरातले पाणी आटते तेव्हा मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आखडतो. तो पूर्ववत होताना ऑक्सिजन परत येतो आणि त्याच्याबरोबर ऑक्सिडेटिव्ह ताणही. प्लेटमधला प्रयोग त्या माणसापर्यंत थेट पोचत नाही, पण पेशीतली यंत्रणा तीच असते.

पायरी १: पेशी निवडणे आणि त्या नागपुरात जिवंत आणणे

एचईके२९३ ही प्रयोगशाळेत वाढवली जाणारी पेशी सगळीकडे सहज मिळते, म्हणून तीच वापरण्याचा मोह होतो. ती मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून बनवलेली असली तरी तिचे वागणे नलिकेच्या पेशीसारखे नाही, आणि तिच्यात स्वतःचा टीआरपीएम२ नगण्य असतो. तंत्र शिकायला ती उत्तम. निष्कर्ष काढायला नाही. निकटवर्ती नलिकेसाठी मानवी एचके-२ किंवा डुकराच्या मूत्रपिंडातली एलएलसी-पीके१ घ्या. दूरस्थ नलिकेच्या जवळ जाणारी पेशी हवी असेल तर कुत्र्याच्या मूत्रपिंडातली एमडीसीके घ्या.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात. जिवंत पेशींचा फ्लास्क मीडियाने, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणाने, काठोकाठ भरून येतो, म्हणजे प्रवासात पेशी कोरड्या पडत नाहीत. खरा धोका उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पार्सल तासभर फलाटावर किंवा कुरियरच्या गाडीत पडून राहिले तरी पेशी गेल्याच समजा. मागणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नोंदवा. आल्याबरोबर दोन-तीन पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये विभागून वाढवण्याच्या फेऱ्या) वाढवा, पुरेशा कुप्या गोठवा आणि पुढचे वर्षभर त्यांवर काम करा. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची चाचणी टाळू नका. मायकोप्लाझ्मा असलेल्या पेशी दिसतात निरोगी, पण ताणाला त्यांचा प्रतिसाद वेगळाच येतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कल्चर रूममध्ये किंवा तिच्या दाराशी डेझर्ट कूलर लावू देऊ नका. ओल्या वाळ्यातून येणारी हवा आपल्याला सुखावते, पण ती बुरशीचे बीजाणू घेऊन येते. थंडावा एसीनेच करा. एसी बंद पडला असेल तर त्या दिवशी पेशींना हात लावू नका.

पायरी २: बफर आणि पाणी

मापनाच्या बफरमध्ये एका लिटरला हे घ्या: सोडियम क्लोराइड ७.८९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ०.२० ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.२६५ ग्रॅम, हेपीस २.३८ ग्रॅम, ग्लुकोज १.८ ग्रॅम. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ वर आणा. यात कॅल्शियम १.८ मिलिमोलर होते आणि ऑस्मोलॅरिटी ३०० च्या आसपास राहते. दुसऱ्या बाटलीत कॅल्शियम न घालता ०.५ मिलिमोलर ईजीटीए, म्हणजे कॅल्शियमला पकडून ठेवणारे रसायन, घाला. ईजीटीए न घालता ‘कॅल्शियममुक्त’ म्हटलेल्या बफरमध्ये पाण्यातून आणि काचेतून आलेले काही मायक्रोमोलर कॅल्शियम असतेच.

डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर भरवसा ठेवू नका, शुद्धीकरण यंत्राचे ताजे पाणी घ्या. लोह आणि तांब्याचा अंशही महत्त्वाचा, कारण हे धातू पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे त्याहून जास्त आक्रमक रेणू, तयार करतात आणि मग तुम्ही तपासत असता एक, घडत असते दुसरेच. हेपीस असलेला बफर उजेडात उघडा ठेवला तर त्यात आपोआप पेरॉक्साइड तयार होते. बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.

पायरी ३: पेरॉक्साइड, जिथे बहुतेक प्रयोग फसतात

बाजारात मिळणारे ३० टक्के द्रावण म्हणजे जवळपास ९.८ मोलर. बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका. उघडलेली बाटली उष्णतेने आणि उजेडाने कमजोर होत जाते. नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर फ्रिजबाहेर राहिलेल्या बाटलीवर तर मुळीच भरवसा नको. हातमोजे घालून १०.२ मायक्रोलिटर स्टॉक १० मिलिलिटर पाण्यात मिसळा, म्हणजे १० मिलिमोलर द्रावण मिळायला हवे. ते क्वार्ट्झ क्युवेटमध्ये २४० नॅनोमीटरवर मोजा. मोलर शोषण गुणांक ४३.६ धरला तर अॅब्सॉर्बन्स ०.४३६ यायला हवा. ०.३५ आला तर तुमच्या हातात ८ मिलिमोलरच आहे. मोजायला पाच मिनिटे लागतात. प्रयोगाच्या प्रत्येक दिवशी ती द्या. पुढचे पातळ द्रावण पेशींवर टाकायच्या आधीच बनवा, बर्फावर आणि अंधारात ठेवा, उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नका.

आता पायरुवेट. डीएमईएम या नेहमीच्या मीडियाच्या काही प्रकारांत १ मिलिमोलर सोडियम पायरुवेट असते. एक पायरुवेट एका पेरॉक्साइडला संपवते. अशा मीडियात १०० मायक्रोमोलर पेरॉक्साइड टाकले तर ते पेशीला जाणवायच्या आधीच मोठ्या प्रमाणात नाहीसे होते. ‘आमच्या पेशी ५०० मायक्रोमोलरलाही दाद देत नाहीत’ असे कोणी सांगितले की मी आधी मीडियाच्या बाटलीचे लेबल वाचायला सांगतो. सीरममध्येही पेरॉक्साइड खाणारे घटक असतात. म्हणून ताण नेहमी पायरुवेट आणि सीरम नसलेल्या वरच्या बफरमध्येच द्यायचा.

संहतीइतकीच महत्त्वाची आहे एका पेशीच्या वाट्याला आलेली मात्रा. पेशी पेरॉक्साइड काही मिनिटांत फस्त करतात. १०० मायक्रोमोलर २०० मायक्रोलिटरमध्ये दिले आणि तेच २ मिलिलिटरमध्ये दिले तर पेशींना मिळणारे एकूण पेरॉक्साइड दहापट बदलते. त्यामुळे नोंदवहीत संहतीच्या शेजारी आकारमान आणि प्रति चौरस सेंटिमीटर पेशींची संख्या लिहा. पहिल्या मालिकेत १०, ५०, १०० आणि ५०० मायक्रोमोलर ठेवा. माझ्या मते ५०० ला जे दिसते ते बहुतेक वेळा इजा असते. संकेतांचा अभ्यास करायचा असेल तर खालच्या टोकाला राहावे. तासन्तास टिकणारा हलका ताण हवा असेल तर एकदाच ओतण्यापेक्षा ग्लुकोज ऑक्सिडेजची अल्प मात्रा घाला. ते ग्लुकोजपासून सतत थोडे थोडे पेरॉक्साइड बनवत राहते.

पायरी ४: डाय भरणे

डाय म्हणजे कॅल्शियमशी जुळले की चमक बदलणारे रंगद्रव्य. सूक्ष्मदर्शकावर ३४० आणि ३८० नॅनोमीटरची उत्तेजना मिळत असेल तर फ्युरा-२ घ्या. रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेने १९८५ मध्ये दिलेला हा डाय अजूनही सर्वांत विश्वासू आहे, कारण दोन तरंगलांबींचे गुणोत्तर घेतल्याने डाय कमी-जास्त भरला गेला किंवा पेशी जाड-पातळ असली तरी फरक पडत नाही. फक्त निळा प्रकाश असेल तर फ्लुओ-४. पेरॉक्साइडच्या कामात मात्र शक्य असेल तेव्हा फ्युरा-२ लाच पसंती द्या. पेशीचा आकार बदलतो, पेशी फुगते, आणि एकाच तरंगलांबीचा डाय अशा वेळी फसवतो.

५० मायक्रोग्रॅम फ्युरा-२ एएम ५० मायक्रोलिटर कोरड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवले की साधारण १ मिलिमोलर स्टॉक होतो. पेशींना २ ते ५ मायक्रोमोलर पुरते. सोबत डाय नीट मिसळून राहावा म्हणून ०.०२ टक्के प्लुरोनिक एफ-१२७ घाला. अंधारात ३० ते ४५ मिनिटे, २५ अंशांवर ठेवा. ३७ अंशांवर भरल्यास डाय ईआर आणि मायटोकॉन्ड्रियात शिरतो, शिवाय पेशी तो बाहेरही टाकू लागते. मग दोनदा धुऊन आणखी २० मिनिटे थांबा, म्हणजे डायला पेशीत शिरू देणारा एएम गट पूर्ण तुटेल.

तापमान इथे सर्वांत जास्त नडते. फ्युरा-२ चा विघटन स्थिरांक (डायचे निम्मे रेणू कॅल्शियमला धरतात ती संहती) २२ अंशांवर सुमारे १४५ नॅनोमोलर आहे आणि ३७ अंशांवर २२४. चुकीचा आकडा धरला तर कॅल्शियमची किंमत दीडपट चुकते. एसी चालू-बंद होत असलेल्या खोलीत सकाळची आणि दुपारची प्लेट एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. स्टेजजवळ थर्मामीटर लावा आणि प्रत्येक रीडिंगच्या फाइलला तो आकडा जोडा. लाइन गेली आणि जनरेटरवर आली तर त्या मधल्या पंधरा मिनिटांतली प्लेट बाद करा, जपून ठेवू नका.

कोरडी हवा हाही उन्हाळ्याचाच प्रश्न. ९६ कप्प्यांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटरपैकी १० उडून गेले तर द्रावण ११ टक्क्यांनी घट्ट होते. ऑस्मोलॅरिटीच्या बदलाला नलिकेच्या पेशी स्वतःहून कॅल्शियमने उत्तर देतात. झाकण ठेवा, कडेच्या कप्प्यांत नुसते पाणी भरा.

पायरी ५: मापन

पहिली तीन मिनिटे काहीच टाकू नका. पायाची रेघ सपाट नसेल तर पुढे जाऊ नका. मग पेरॉक्साइड, आणि निदान २० मिनिटे वाचन. शेवटी ५ मायक्रोमोलर आयोनोमायसिन, म्हणजे पटलातून कॅल्शियमला मोकळी वाट देणारे रसायन, देऊन कमाल गुणोत्तर घ्या आणि जास्त ईजीटीए, पीएच ८ च्या वर ठेवून, किमान. कॅल्शियम पकडताना ईजीटीए आम्ल सोडतो, म्हणून पीएचची ही काळजी.

कॅल्शियम आले कुठून, हे याच क्रमातून सुटते. तोच प्रयोग कॅल्शियममुक्त बफरमध्ये करा. चढ तसाच राहिला तर स्रोत आतला आहे. चढ पूर्ण गेला तर बाहेरचा. बहुधा तो अर्धा राहील: सुरुवातीचे छोटे शिखर टिकेल, नंतरचे पठार जाईल. याचा अर्थ दोन्ही स्रोत आहेत, आणि वेगळ्या वेळी. मग दुसरा संच घ्या: कॅल्शियममुक्त बफरमध्ये १ मायक्रोमोलर थॅप्सिगार्जिनने सर्का बंद करून साठा रिकामा होऊ द्या, रेघ खाली आली की पेरॉक्साइड टाका. आता चढ उरला नाही तर साठा ईआरचाच होता. उरला तर मायटोकॉन्ड्रियाकडे वळा. १ मायक्रोमोलर सायक्लोस्पोरिन ए ने तो घटला तर मायटोकॉन्ड्रियाच्या पटलातले छिद्र उघडल्याचा संशय बळावतो, पण सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्युरिन या दुसऱ्या एन्झाइमलाही रोखते, म्हणून या एका पुराव्यावर थांबू नका.

साठा भरण्याची यंत्रणा तपासायची तर थॅप्सिगार्जिननंतर १.८ मिलिमोलर कॅल्शियम परत द्या आणि चढण्याचा वेग मोजा. पेरॉक्साइड आधी देऊन आणि नंतर देऊन, दोन्ही करा. ओराय१ उघडण्याआधी ऑक्सिडाइझ झाला तर परिणाम ठळक असतो, म्हणून क्रम बदलला की उत्तर बदलू शकते.

संकेतांची क्षमता टिकली आहे का, यासाठी एक सोपी कसोटी आहे. १० मायक्रोमोलर एटीपी द्या. मूत्रपिंडाच्या बहुतेक पेशींवर एटीपीचे रिसेप्टर असतात आणि निरोगी पेशी तीक्ष्ण शिखर देते. ताण दिलेल्या पेशीची पायाची रेघ सामान्य असूनही एटीपीचे शिखर खुजे आले, तर साठा कमी झाला आहे. स्थिर रेघ बघून पेशी ठीक आहेत असे समजणाऱ्यांच्या नजरेतून हेच निसटते.

पायरी ६: कंट्रोल

पेरॉक्साइडमध्ये आधी कॅटालेज हे पेरॉक्साइड मोडणारे एन्झाइम मिसळून मग ते पेशींवर टाका. प्रतिसाद नाहीसा व्हायला हवा. उकळून निष्प्रभ केलेले कॅटालेज वापरल्यावर तो परत यायला हवा. पेशी न घेता, डायचे मुक्त आम्ल बफरमध्ये घेऊन त्यावर पेरॉक्साइड टाका. तिथेही सिग्नल हलला तर तुम्ही रसायनशास्त्र मोजत होतात. एन-अॅसिटिल सिस्टीन हे ऑक्सिडीकरणरोधक वापरणार असाल तर त्याचा पीएच आधी ७.४ वर आणा. ते चांगलेच आम्लधर्मी आहे, आणि न जुळवता टाकले तर आम्लामुळे झालेला बदल ऑक्सिडेटिव्ह ताण कमी झाल्यासारखा दिसतो.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेही तपासा. वाढलेले कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात जाऊन नवे मूलक तयार करते, ते पुन्हा मार्ग उघडतात. बॅप्टा-एएमने पेशीतले कॅल्शियम बांधा आणि ऑक्सिडीकरण मोजा. ते कमी झाले तर कॅल्शियम फक्त परिणाम नव्हते. ऑक्सिडीकरण मोजायला डीसीएफडीए स्वस्त आहे, पण ते पेरॉक्साइडचे नेमके मापन करत नाही आणि सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात स्वतःच ऑक्सिडाइझ होते. त्याच्यावर एकट्याने निष्कर्ष उभा करू नये असे माझे ठाम मत आहे.

मरणाऱ्या पेशी ओळखायला फ्युरा-२ स्वतःच मदत करतो. ३६० नॅनोमीटरवर त्याचा सिग्नल कॅल्शियमवर अवलंबून नसतो. तिथली चमक घसरू लागली तर डाय गळतोय, म्हणजे पटल फाटले आहे. त्या क्षणानंतरचे गुणोत्तर आलेखातून काढा. सोबत प्रोपिडियम आयोडाइडने, म्हणजे पटल फाटलेल्या पेशींतच शिरणाऱ्या रंगाने, किती पेशी रंगल्या ते मोजा.

पायरी ७: आकडेमोड

पार्श्वभूमीची चमक दोन्ही तरंगलांबींतून वजा करा, मगच गुणोत्तर. प्रत्येक पेशीची रेघ वेगळी काढा. सरासरीची गुळगुळीत रेघ फसवी असते: निम्म्या पेशींनी जोरदार प्रतिसाद दिला आणि निम्म्यांनी काहीच नाही, तरी सरासरी मध्यम प्रतिसाद दाखवते. म्हणून शिखर, रेघेखालचे क्षेत्रफळ, चढ सुरू व्हायला लागलेला वेळ आणि प्रतिसाद देणाऱ्या पेशींचे प्रमाण, चारही द्या. एका प्लेटमधल्या दोनशे पेशी म्हणजे दोनशे प्रयोग होत नाहीत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर, ताज्या पेरॉक्साइडने केलेले काम हाच एक स्वतंत्र प्रयोग. असे निदान तीन हवेत.

मागणी केव्हा नोंदवावी

फ्युरा-२ एएम आणि थॅप्सिगार्जिन जानेवारीतच मागवून घ्या. आइस पॅकवर निघालेले पार्सल मेमध्ये नागपुरात पोचते तोवर पॅक पाणी झालेले असते, आणि ओलावा लागलेल्या एएम डायचे एस्टर गट पेशीत शिरण्याआधीच तुटतात. मग तो कितीही टाकला तरी पेशी अंधारीच दिसते. ५० मायक्रोग्रॅमच्या छोट्या कुप्या घ्या, एक मोठी बाटली नको. उघडलेली कुपी त्याच दिवशी संपवा. थॅप्सिगार्जिन त्वचेला लागू देऊ नका आणि त्याचा कचरा वेगळा ठेवा. पेशींसाठी पुण्याला मागणी पाठवाल तेव्हाच रसायनांचे प्रस्तावही विभागाकडे द्या, कारण खरेदीची फाइल फिरायला वेळ लागतो आणि होळी उलटली की उन्हाळा दाराशी येतो.